वाघाचा सातबारा, पोपटाचा विसा

साठी उलटल्यावर माणसाने काहीही नवीन करायला घेतलं की किस्से आपोआप साचतात. कोणी योगासनं करतं, कोणी नातेवाइकांच्या ग्रुपवर पहाटे गुलाबाची फुलं पाठवतं. आम्ही बोर्ली पंचतनच्या चौघांनी लहान मुलांसाठी प्राण्यांच्या गोष्टी लिहायला घेतल्या. प्राण्यांनी अजून तक्रार केलेली नाही, हा त्यांचा मोठेपणा!

दर बुधवारी दुपारी वाचनालयाच्या मागच्या पडवीत आमची बैठक असते. मी सुलभा, मोजणी खात्यातून निवृत्त. इस्माईलभाई आखातात एका कॅम्पवर सव्वीस वर्षं आचारी होते. वनिताताई भरडखोलची, सकाळी मासळी विकते आणि दुपारी गोष्ट सांगते. ती लिहीत नाही, मी उतरवून घेते. आणि चौथे आप्पा, हायस्कूलचे गणिताचे सर, वय एकाहत्तर. गावातल्या निम्म्या पुरुषांच्या तळहातावर आप्पांची छडी पडलेली आहे. उरलेले निम्मे त्या दिवशी गैरहजर होते.

महिन्याच्या शेवटच्या बुधवारी मनीषा, आमची ग्रंथपाल, शाळेतली पंधरावीस मुलं आणून सतरंजीवर बसवते आणि आम्ही वाचून दाखवतो. खरी परीक्षा ती. मुलांना खोटी स्तुती करता येत नाही. कंटाळा आला की ती सरळ आडवी होतात.

०००

पहिली नापास मी झाले.

माझ्या गोष्टीत वाघ आणि माकडं यांचं एका ओढ्यावरून भांडण होतं. सोपी गोष्ट होती. पण मी पस्तीस वर्षं मोजणी केलेली बाई. वाघ म्हणाला, ‘ओढा माझा.’ मी लगेच विचारात पडले, याच्याकडे सातबारा आहे का? मग कोल्हा मोजणीला आला, त्याने खुणा रोवल्या, माकडांनी त्या रात्रीतून हलवल्या, हत्तीने हरकत घेतली, लगतच्या खातेदारांना म्हणजे ससे आणि साळिंदर यांना नोटिसा गेल्या. साळिंदर पत्त्यावर सापडलं नाही.

वीस मिनिटं झाली. वाघाने अजून एकदाही डरकाळी फोडली नव्हती.

एका चष्मेवाल्या मुलीने हात वर केला. “आजी, वाघ त्यांना खाऊन का टाकत नाही?”

“अगं, प्रकरण चालू आहे ना!” मी म्हटलं.

इस्माईलभाई इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? घरी जाऊन मी वाघाला पहिल्याच पानावर डरकाळी दिली आणि हत्तीची हरकत फेटाळली.

०००

इस्माईलभाईंना हसायचा काही अधिकार नव्हता. त्यांच्या गोष्टीतला प्रत्येक प्राणी तिसऱ्या वाक्यात परदेशी जातो.

श्रीवर्धनचा पोपट दुबईला गेला. म्हसळ्याची शेळी कतारला गेली. एक कासव कुवेतला निघालं, पण तो प्रवास अजून चालू आहे. परत येताना सगळ्यांच्या हातात तेच सामान: दोरीने बांधलेली बॅग, दोन जाड ब्लँकेटं, खजूर आणि अत्तराची बाटली.

“शेळीला ब्लँकेट कशाला हो?” मी विचारलं.

“सुलभाताई, शेळीला नको असेल. पण मोहल्ल्यातले विचारतील ना, काय आणलं म्हणून!”

मुलांना मात्र या गोष्टी आवडायच्या. एकदा पोपटाचा विसा अडकला आणि गोष्ट रंगात आली. तेवढ्यात एक मुलगा म्हणाला, “चाचा, पोपटाला पंख हायेत. तो उडून जाईल की! त्याला विसा कशाला?”

इस्माईलभाईंनी टोपी सरळ केली. “बेटा, उडता सगळ्यांनाच येतं. उतरायला विसा लागतो.”

मुलांना न्यायला आलेल्या दोन आया मागे बसून ऐकत होत्या. दोघींचे नवरे तिकडेच आहेत.

०००

वनिताताईच्या गोष्टीला तोड नाही. ती सांगायला लागली की समुद्र पडवीत येतो. तिने बांगड्याच्या पिल्लाची गोष्ट सांगितली. छोटा बांगडा, त्याची आई, त्याचे सोबती. आईचं न ऐकता तो लांब जातो आणि जाळं पडतं. आई त्याला शोधते, हाका मारते. सतरंजीवर कोणी हलेना. एक छोटी मुसमुसायला लागली, तिचं बघून दुसरी, मग अख्खी रांग. मनीषा मला खुणा करायला लागली, काहीतरी करा, आता पालक येतील!

मी वनिताताईच्या कानात म्हटलं, “अगं, शेवट जरा गोड कर.”

“करतंय की बाय,” ती म्हणाली आणि मुलांकडे वळली. “अगो, रडताव कशाला? एकदम ताजा होता तो! त्याची आमटी काय झाली, काय झाली!”

त्या दिवशी तीन मुलांनी घरी मासे खाल्ले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या आया बाजारात वनिताताईशी भांडायला आल्या आणि जाताना अर्धा अर्धा डझन बांगडे घेऊन गेल्या.

०००

आता आप्पा.

आप्पांच्या पहिल्या गोष्टीचं पहिलं वाक्य मला पाठ आहे. “एक माकड तासाला सात नारळ पाडते, दुसरे माकड तासाला पाच नारळ पाडते.” तिसऱ्या वाक्याआधी एका मुलाने करंगळी वर केली. मग दुसऱ्याने. “सर, एकीला जाऊ?” “सर, मी पण?” एकेक करत सगळे बाहेर गेले आणि परत कोणी आलं नाही. ही युक्ती त्यांच्या बापांनी शिकवली होती. बापांनी ती आप्पांच्याच वर्गात शोधून काढली होती.

आप्पांनी रिकाम्या सतरंजीला उरलेली गोष्ट वाचून दाखवली. उत्तरासकट.

मी हसले नाही. एरवी मी कोणालाही सोडत नाही, पण आप्पांचा चेहरा बघवेना. घरी जाताना सुपारीच्या वाड्यांमधल्या रस्त्याने आम्ही बरोबर चाललो होतो. समोरून दोन बाप्ये येत होते, चाळिशीचे. आप्पांना बघताच एकाने सिगारेट टाकली आणि दोघं दगडी गडग्यावरून उडी मारून कोणाच्या तरी वाडीत शिरले.

आप्पा थांबले. “सुलभाताई, मी रिटायर होऊन तेरा वर्षं झाली. हे अजून उड्या मारतात.”

“मग सोडा ना गोष्टींचा नाद,” मी म्हटलं. “तुम्हाला गणिताची पुस्तकं कमी आहेत का?”

“एका तरी पोराने माझी गोष्ट शेवटपर्यंत ऐकावी,” आप्पा म्हणाले. “भीतीने नाही. तेवढं झालं की बंद करतो.”

हा माणूस माझ्याही धाकट्या भावाला बदडायचा. तरी मला त्या दिवशी त्यांचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला.

०००

दुसरी गोष्ट लिहिल्यावर आप्पांनी ठरवलं, आधी ती कोणाला तरी ऐकवून बघायची. ऐकायला तयार कोण होणार? शेवटी ते दाढी करायला सलूनमध्ये गेले, गळ्यापर्यंत फेस लावून घेतला आणि खुर्चीत बसूनच वाचायला सुरुवात केली. सलूनवाला प्रमोद त्यांचा विद्यार्थी. गोष्टीत एक गाढव गृहपाठ विसरून आलं होतं.

“कशी वाटली?” आप्पांनी विचारलं.

“एक नंबर, सर.”

“कुठला भाग आवडला?”

“सगळेच, सर.”

“गाढवाचा की घोड्याचा?”

“दोघांचा, सर.”

“गोष्टीत घोडा नाहीये, प्रमोद! घाबरून खोटं बोलतोस?”

“सर, वस्तरा माझ्या हातात हाय,” प्रमोद म्हणाला, “आणि तरी मीच घाबरलोय, आता काय सांगू तुम्हाला!”

आप्पा अर्धी दाढी तशीच ठेवून घरी गेले.

०००

मध्यंतरी मनीषाने आमच्यासाठी पुण्याहून एक बालसाहित्यातला तज्ज्ञ बोलावला. तिशीचा पोरगा, खादीचा कुर्ता, गळ्यात पिशवी. त्याने आम्हाला डोळे मिटून जमिनीवर बसवलं. इस्माईलभाई बसले ते बसलेच, नंतर दोघांनी धरून उठवलं.

“आता आपापल्या आवडत्या प्राण्याचा आवाज काढा,” तज्ज्ञ म्हणाला.

मी म्यांव केलं. इस्माईलभाईंनी झकास बकरी काढली. वनिताताई म्हणाली, “मासा आवाज करीत न्हाय,” आणि आरामात झोपून गेली. आप्पा मात्र डोळे उघडून बसले होते.

“काका, मोकळे व्हा! तुमच्या आत एक लहान मूल आहे. त्याला बाहेर काढा!”

“मी जन्मभर मुलांना बाहेरच काढत आलो,” आप्पा म्हणाले. “आता आत कसं बोलवायचं, ते येत असेल तर सांगा.”

तज्ज्ञाने वहीत बघितलं. मग त्याने चहा मागवला.

०००

त्यानंतर आप्पांनी बगळ्याची गोष्ट लिहिली.

खाडीवर बगळे सरांची शाळा. सगळ्या पाखरांच्या पिल्लांनी एका पायावर उभं राहायचं आणि पाण्यातले मासे मोजायचे. जो चुकेल त्याच्या डोक्यावर चोच. शाळेत एक खंड्या होता. त्याला सूर मारता यायचा, सगळ्यांत छान, पण मोजता यायचं नाही. रोज चोच खायचा. पुढे तो खूप अभ्यास करतो, मोठा अधिकारी होतो आणि येऊन बगळे सरांच्या पाया पडतो.

“ही गोष्ट नाही, आप्पा,” मी म्हटलं. “हा तुमचा सत्कार आहे.”

इस्माईलभाईंनी सुचवलं, खंड्याला मस्कतला पाठवा. वनिताताई नुसती आप्पांकडे बघत राहिली. आप्पांनी कागद घडी करून खिशात घातला. नंतरचे दोन बुधवार ते आलेच नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत मनीषाने मोठं वाचन ठेवलं, पालकांसकट. पालक आले, पण आप्पांचं नाव पुकारल्यावर बरेच बाप भिंतीला चिकटले. दाराशी संजय उभा होता. संजय बर्फाचा टेम्पो चालवतो. बेचाळीस वर्षांचा, भरघोस मिशा, हातात हेल्मेट. सातवीत सतराचा पाढा अडला म्हणून आप्पांनी त्याला सगळ्या वर्गासमोर मारलं होतं. त्यानंतर तो शाळेत गेला नाही. हे गावात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. त्याची मुलगी स्वरा, दुसरीतली, सतरंजीवर पहिल्या रांगेत मांडी घालून बसली होती.

आप्पा वाचायला लागले. आवाज हळू होता, कधी नव्हे तो. बगळ्याची चोच आली, खंड्याचं डोकं आलं. एक करंगळी वर झाली. स्वराने वळून त्या पोराकडे असं बघितलं की करंगळी खाली गेली.

“...आणि एक दिवस खंड्या उडून गेला,” आप्पांनी वाचलं. “परत शाळेत आला नाही.”

त्यांनी कागद मिटला. अधिकारी नाही, पाया पडणं नाही. मी इस्माईलभाईंकडे बघितलं, इस्माईलभाईंनी माझ्याकडे.

“संपली,” आप्पा म्हणाले.

“अशी कशी संपली?” स्वरा म्हणाली. “बगळ्याने त्याला सॉरी म्हटलं का?”

“नाही.”

“का नाही?”

“म्हणायचं होतं त्याला. पण उशीर झाला. खंड्या मोठा झाला होता. त्याला मिशा आल्या होत्या.”

“खंड्याला मिशा!” सगळी सतरंजी हसत सुटली. पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. आप्पांच्या गोष्टीला मुलं हसताना मी पहिल्यांदाच बघत होते, पण आप्पांचं तिकडे लक्ष नव्हतं.

स्वरा हसली नाही. “मिशा आल्या म्हणून काय झालं? त्याला म्हणायला सांगा की! गोष्ट तुमचीच हाय ना?”

आप्पा खुर्चीतून उठले. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. मग मुलांच्या डोक्यांवरून दाराकडे बघितलं.

“सॉरी,” आप्पा म्हणाले.

दाराला टेकलेला संजय ताठ झाला. हेल्मेट काखेत, दोन्ही हात सरळ, टाचा जुळलेल्या.

“ठीक हाय, सर.”

“बस खाली,” आप्पा म्हणाले.

संजय उंबरठ्यावरच बसला.