नव्या तांदळाचा ब्रेकफास्ट

तिसरं घावनही तव्याला चिकटलं. उलथन्यावर आला तो नुसता लगदा. सात वाजले होते आणि आठला सहा माणसांचा ब्रेकफास्ट टेबलावर लागायचा होता.

आलापल्लीजवळच्या एका रेस्ट हाऊसवर मी खानसामा होतो, म्हणजे पाहुण्यांना रांधून वाढणारा. पन्नास सालानंतरची ही गोष्ट, चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. मी तीन महिन्यांच्या ट्रायलवर होतो आणि हा शेवटचा आठवडा. पाहुणे खूश झाले तर नोकरी पक्की, नाहीतर कोकणची गाडी, असं रेंजरसाहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं. रेंजर म्हणजे तिथल्या जंगलाचे अधिकारी. चौथीत शाळा सोडलेल्या परक्या मुलखातल्या माणसाला त्यांनी चूल दिली, हे त्यांचे उपकार. पण त्या उपकारांचंच मला दडपण होतं. दूध उतू गेलं तरी मी मनात ट्रंक भरायला घ्यायचो.

रेस्ट हाऊसची पद्धत अशी, की शिधा पाहुण्यांनी आणायचा. लाकूड, पाणी आणि हात आमचे. नाताळच्या सुट्टीत नागपूरचे एक वकीलसाहेब कुटुंबासह आले. सगळं सामान आलं, पावाची टोपली तेवढी चांद्याच्या मोटार स्टँडवर राहिली. अंडी गावात मिळाली असती. पण वकीलसाहेबांच्या आईंनी आल्याआल्याच बजावलं, "ज्या चुलीवर अंडं चढेल, तिथलं मी पाणीसुद्धा घेणार नाही."

मी ऐटीत म्हणालो, "घावन करतो."

"ते काय असते?" रेंजरसाहेबांनी विचारलं.

"तांदळाच्या पिठाची पातळ धिरडी, साहेब. आमच्याकडे लहान पोरगीसुद्धा करते."

"पाह्य बाबा. आठ म्हणजे आठ."

चौकीदाराची बायको रुखमाबाई, तिनं आदल्या संध्याकाळीच घरचा तांदूळ जात्यावर दळून दिला. आणि सकाळी हा लगदा. मी तवा घासला, तेल वाढवलं, जाळ कमी केला, देवाचं नाव घेतलं. चौथंही चिकटलं.

रुखमाबाई पाण्याची घागर घेऊन आली आणि दारातच थांबली.

"काऊन भाऊ, तव्यासंग भांडून राह्यले का?"

"बाई, माझी नोकरी गेली."

"नोकरी कायले जाते? तांदूळ नवा हाये. आत्ताच तं धान निघालं. चिकटन नाई तं का करन?"

मी कपाळावर हात मारला. कोकणात घावनाला आई वर्षभर मुरलेला जुना तांदूळ काढायची. नव्या तांदळाला चीक जास्त, त्याचं पातळ पीठ तवा सोडत नाही. मी तांदूळ हातात घेतला होता, पण नवा की जुना हे विचारलंच नव्हतं.

"आता जुना कुठून आणू?"

"जुना कायले? पीठ घट करा, गूळ टाका अन् पानात भाजा. चीक हाये तं चांगलंच हाये, फुटत नाई."

ती मागच्या पळसाची पानं तोडून घेऊन आली. पान पुसायचं, तूप लावायचं, त्यावर पीठ थापायचं, वर दुसरं पान झाकायचं आणि तव्यावर ठेवायचं. खालचं पान करपलं की उलटायचं. आमच्याकडे केळीच्या पानात अशीच पानगी करतात. पण इथे केळ दिसली नाही, म्हणून मला पानगीच सुचली नव्हती. तीन महिने मी रोज पळसाच्या पानावर जेवत होतो.

पहिलं पान सोललं तेव्हा आतून पिवळसर, खमंग, अखंड भाकरी निघाली. वरती पानाच्या शिरांची नक्षी.

"आता रडू नोका," रुखमाबाई म्हणाली, "थापा लवकर."

आठला टेबल लागलं. पानासकट वाढलं, सोबत लोणी. आजींनी वास घेतला. "पानातलं आहे ना? तव्याला लागलेलं नाही, मग चालेल." त्यांनी दोन खाल्ल्या. मुलांनी कुणाची नक्षी चांगली यावरून भांडत चार-चार संपवल्या.

मी वाढून स्वयंपाकघरात आलो, तर रेंजरसाहेब उभे.

"हेच का तुझं घावन?"

खोटं बोलायची हिंमत नव्हती. "नाही साहेब. माझं फसलं. हे रुखमाबाईंचं."

साहेबांनी एक तुकडा तोडून तोंडात टाकला, सावकाश चावला. "मंग पक्की नोकरी कोणाले देऊ? हिले, का तुले?"

"मले नोका देऊ जी," रुखमाबाई घाईनं म्हणाली. "मले घरच्याच चुलीचा कंटाळा येते."

साहेब पोट धरून हसले. ट्रायलचा कागद त्याच दुपारी चांद्याला गेला आणि पुढच्या महिन्यात माझी ऑर्डर आली. त्या चुलीपुढे मी अकरा वर्षं काढली.

कुणी सुट्टीला जंगलातल्या रेस्ट हाऊसवर निघालं की अजूनही मला विचारतात, सकाळी सोपं काय करावं? मी पदार्थ सांगत नाही. शेजारच्या घरात जाऊन ते लोक सकाळी काय खातात ते विचारा, म्हणतो. आणि विचारायचं ते पीठ कालवण्याआधी.