मारुतीच्या चौथऱ्यावरचा दगड

आमच्या गावच्या हुतात्मा स्मारकाचं ड्रॉइंग मी केलं. हे मिरवायला सांगत नाही. अजून आठवलं की माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

भोसरीच्या पुढं आमचं गाव. एकाहत्तरच्या लढाईत गावची तीन पोरं गेली. चार-पाच वर्षांनी गावाला जाग आली, कमिटी बसली आणि मी कंपनीत ड्राफ्ट्समन, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. "दिसभर नट-बोल्ट काढतोस, मंग एक दगड काढायला काय जातंय तुझं?" सरपंच म्हणाले.

मी साधं काढलं होतं. काळ्या पाषाणाची उभी शिळा, तिच्यावर तीन नावं. पण कमिटीला वर सिंह पाहिजे. एकाला तोफ पाहिजे. शिळा पाच फुटांची आणि सिंह चार फुटांचा! नाकापेक्षा मोती जड. शिफ्ट संपवून सायकल हाणत यायचं आणि रोज हे ऐकायचं. डोकं नुसतं भणभणायचं.

त्यात एका संध्याकाळी शेजारची काकी आली. तिघांतल्या सगळ्यात धाकट्या शिपायाची आई. पोराला तिकडंच सरहद्दीवर अग्नी दिलेला, घरी आली ती नुसती ट्रंक. माझ्या कागदावर वाकून म्हणाली, "मला वाचाया येत न्हाई, बाबा. अक्षरं खोल कोराया सांग. बोटानं हुडकीन मी. त्याच्या अंगावरनं शेवटचा हात फिरवायचा ऱ्हायलाय माझा."

मी टेप आणला, तिचा हात सहज कुठं पोचतो ते मोजलं. साडेतीन फूट. धाकट्याचं नाव तिथंच घ्यायचं ठरवलं. झालं, कमिटीत पुन्हा रणकंदन! म्हणे नावं उंच पाहिजेत, रस्त्यावरनं जाणाऱ्या ट्रकवाल्यांना दिसली पाहिजेत. मी म्हणालो, "ट्रकवाल्याचं कोण गेलंय?" तीन संध्याकाळी भांडलो. शेवटी ड्रॉइंग फाडायला निघालो तेव्हा कुठं कबूल झाले. त्या झटापटीत सिंहही गेला, बरंच झालं.

मग जागा. गावाबाहेरची जमीन कारखान्यांसाठी कधी जाईल याचा नेम नव्हता. "मारुतीच्या चौथऱ्याला कोण हात लावतंय?" एक म्हातारबा म्हणाले. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. खडूनं जागा मीच आखून दिली.

उद्घाटनाला दिघीहून एक लष्करी साहेब आले, नारळ फुटला, भाषणं झाली. गर्दी पांगल्यावर काकी नवं लुगडं नेसून पायऱ्यांपाशी आली आणि थांबली.

"या की वर, काकी," मी वरनं हाक मारली.

"येडा का खुळा? मारुतीच्या चौथऱ्यावर बायामाणसं चढत्यात व्हय?"

माझी स्वतःची आई जन्मभर दर शनिवारी खालूनच हात जोडत आली. मी ते बघतच वाढलो. कमिटीत अकरा माणसं, सगळे बाप्ये, सगळ्यांच्या घरात बायका. कपाळ आमचं! नावाच्या उंचीवरनं आम्ही इंचाइंचासाठी भांडलो आणि हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी तर भांडणात सगळ्यांत पुढं होतो.

सरपंच कमिटीवाल्यांसोबत चहाला बसले होते, तिथं तसाच तणतणत गेलो. दगड खाली घ्या, म्हणालो. "सिमेंटात बसलाय राव आता," ते म्हणाले. मग काकीला तरी वर येऊ द्या, मी म्हणालो. त्यावर कुणी हो म्हणेना, कुणी नाही म्हणेना. या गप्प बसण्याचा मला जेवढा संताप आला तेवढा सिंहाचाही आला नव्हता.

काकीला म्हणालो, "मी हात धरतो, बघू कोण अडवतंय."

"कुणीबी आडवत न्हाई रं," ती म्हणाली. "माझंच पाऊल उचलंना."

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली. ट्रेसिंग पेपर शिळेवर चिकटवला आणि त्यावर पेन्सिल आडवी घासली. धाकट्याचं नाव काना-मात्रेसकट उठलं. एवढं सुबक अक्षर मी हातानं कधी काढलं नसतं. कागद घेऊन धावतच काकीच्या घरी गेलो.

तिनं पदराला हात पुसले, कागद मांडीवर घेतला, बोटं फिरवली. एकदा. मग पुन्हा, अगदी सावकाश, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"कुठं हाय त्यो?" तिनं मला विचारलं. "बोटाला काय लागंना रं."