खुर्चीखालची जागा

घरात कामाची जागा मांडताना शेवटचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं ते ट्रंकांखाली विटा सरकवायचं. मी ट्रंकेची एक बाजू उचलली की बायको वीट आत ढकलायची.

"आणखी एकेक लावा," ती म्हणाली.

"अगं, मग मी काय शिडीवर बसून विणू?"

"बसा शिडीवर. इथं माझी मान मोडते त्याचं काही नाही."

लावली आणखी एकेक वीट.

मी वेताच्या खुर्च्या विणतो. चार यत्ता शिकलो, बाकी सगळं हातानं. बडा बाजारातल्या एका दुकानात जन्म गेला. दुकान बंद झालं तेव्हा मालकानं माझं उंच स्टूल मला देऊन टाकलं, म्हणाला, भैया, अब घर से करो. घरून करायचं तर घरात जागा पाहिजे. जुन्या शहरात, ओरछा गेटच्या आत गल्लीत आमच्या दोन खोल्या, स्वैपाकघर आणि मागं पडवी. पुढच्या खोलीत खिडकीपाशी पलंग होता. तो तिनं आतल्या खोलीत न्यायला लावला आणि उजेडाची जागा मला दिली.

खरी अडचण माझ्या डाव्या खांद्याची. दुकान सुटता सुटता तो आखडला, आता तो हात खुर्चीच्या खाली जातच नाही. आणि वेताचं काम असं, की पट्टी वरून चौकटीच्या एका भोकात घातली की ती खालून धरून शेजारच्या भोकातून वर द्यावी लागते. दुसरे कारागीर एक हात वर आणि एक हात खाली ठेवून विणतात. माझा खालचा हात म्हणजे ती. दोन ट्रंकांवर फळ्या, फळ्यांवर खुर्ची, आणि मधल्या फटीत पाटावर ती, भिंतीशी लोडाला टेकून. पट्ट्या भिजवायची बादली तिच्या हाताशी, ताणलेली पट्टी भोकात घट्ट करायच्या खुंट्यांचा डबा माझ्या. मे महिन्याचा उन्हाळा, खिडकीला ओला पंचा बांधलेला. इतकी आरामाची जागा मला दुकानात कधी मिळाली नव्हती.

फक्त वर बसल्यावर ती मला दिसायची नाही. पट्टी खाली जायची आणि शेजारच्या भोकातून वर यायची, तेवढंच. त्या दुपारी एक पट्टी गेली ती येईचना. महिनाभर तिला जिना चढला की दम लागत होता.

"अगं."

मी फळीवर टिचकी मारली.

"अगं ए, ऐकतेस ना?"

"नाक खाजवत होते. आता नाकही विचारून खाजवू?" पट्टी वर आली.

"सांगत जा ना मग."

"एवढे भिता तर तुम्ही या खाली. मी बसते वर."

"तुला विणता येतं?"

"तुम्हाला तरी कुठं येतं. अर्धं मीच विणते."

मग आणखी काही पट्ट्या झाल्या. एक पट्टी मी खाली सोडली तेव्हा ती म्हणाली, ही राहू द्या तशीच, चहा टाकते. फळीला धरून उठली आणि आत गेली. कप पडल्याचा आवाज आला. मी स्टुलावरून उतरून जाईपर्यंत ती स्वैपाकघराच्या उंबऱ्याशी बसली होती, डोकं चौकटीला टेकलेलं. गल्लीतले डॉक्टर आले, हात धरून बघितला, खाली ठेवला.

मुलगा ग्वाल्हेरला असतो. तो गाडीनं लगेच आला. तोवर घर माणसांनी भरलं. तिला पुढच्या खोलीत ठेवायचं म्हणून दोघेजण ट्रंका उचलायला लागले. मी म्हणालो, हात लावू नका, पडवीत ठेवा तिला. मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, लोक बघतायत." बघू देत म्हटलं.

तिला घेऊन गेलो आणि दिवेलागणीला परत आलो. शेजारच्या अम्मा घरातलं भरलेलं पाणी ओतून टाकत होत्या. माणूस गेलं की घरातलं पाणी ठेवत नाहीत. माठ ओतला, कळशी ओतली, मग बादलीला हात घातला.

"अम्मा, वो काम का पानी है," मी म्हणालो.

"पानी तो पानी है, भैयाजी."

पाणी गेलं. पट्ट्या मी दोन्ही हातांनी काढून घेतल्या आणि ओल्या पंच्यात गुंडाळून छातीशी धरून बसलो. मुलगा जवळ येऊन बसला. "तेरावं झालं की तुम्ही माझ्याकडे चला. हे कोण करणार आता? हात तरी पोचतो का तुमचा?"

नाही पोचत. हीच तर धास्ती होती. ग्वाल्हेरला त्याच्या घरी दिवसभर पंख्याखाली बसून जेवणाची वाट बघत राहायचं. आणि इथं राहायचं म्हटलं तर ती खुर्ची. तिच्याकडे मान वळवायचा धीर होईना. तिनं राहू द्या म्हटलेली पट्टी खाली लोंबत होती, वाऱ्यानं हलत होती. मी जिच्याबरोबर उभा जन्म काढला त्या बायकोची मला भीती वाटावी, याची लाज वाटली. पण भीती वाटत होती. पडवीत तिच्या जागेवर दिवा लावला होता, त्याच्याशेजारी आडवा झालो. रात्रभर पुढच्या खोलीत गेलो नाही.

सकाळी मुलगा झोपलेला होता. मी नळावरून बादली भरून आणली, पट्ट्या पाण्यात सोडल्या आणि खुर्चीपाशी उभा राहिलो. बराच वेळ उभा होतो. मग फळीला धरून खाली वाकलो आणि तिच्या पाटावर बसलो.

खालून खुर्ची मी कधी बघितलीच नव्हती. दुकानात हाताला सवय होती, वाकून बघायची गरज पडली नाही. दर दोन पट्ट्यांचा जोड तिनं वळवून आत खोचला होता, एक टोक बाहेर नाही. लोडाला खोबरेलाचा वास होता. लोंबती पट्टी उजव्या हातात धरली. बोटांनी शेजारचं भोक चाचपलं. सापडलं. वर सारली. पट्टी वर जाऊन उभी राहिली असणार. कुणी ओढली नाही.

"बाबा?" मुलगा दारात होता. "सुतक आहे. काय करताय तिथं?"

"ही खुर्ची झाल्याशिवाय मी कुठं येत नाही."

"अहो, पण तुम्हाला जमणार कसं?"

ट्रंकेला धरून उठलो. स्टुलावर चढलो, पट्टी ताणली, खुंटी ठोकली. पट्टीचं टोक पुढच्या भोकातून खाली सोडलं. मग उतरलो आणि परत पाटावर जाऊन बसलो.