दाखवून घेतलेली गाडी

आमच्या घरात मोठ्या गाडीचा विषय निघाला तो माझ्या हौसेनं नाही, बायकोच्या भीतीनं. तिचा धाकटा भाऊ लहान गाडीच्या अपघातात गेला. समोरून ट्रक आला आणि गाडी पत्र्याच्या डब्यासारखी चेपली. तेव्हापासून आमच्या छोट्या गाडीत ती दाराचं हँडल घट्ट धरून बसायची, आणि मी जरा ब्रेक दाबला की "अहो!" करून ओरडायची. मी चिडायचो. "अगं, तीसच्या स्पीडनं चाललो आहे, काहून ओरडून राहिली?" असं भर रस्त्यात तिच्यावर खेकसायचो. आठवलं की लाज वाटते.

मग तिला दुसऱ्यांदा दिवस गेले. मुलगी सहा वर्षांची, आई-बाबा आमच्याजवळच, त्यात आता बाळ येणार. एकदा जेवता जेवता तिनं सांगूनच टाकलं, "मी बाळाला घेऊन त्या डब्यात बसणार नाही. जुनी घ्या, पण मोठी घ्या. एअरबॅगवाली घ्या. आणि घ्यायच्या आधी कोणाला तरी दाखवा, तुम्हाला गाडीतलं काही कळत नाही."

खरंच होतं ते. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. बॉनेट उघडलं तर काच पुसायचं पाणी कुठं टाकायचं, एवढंच मला माहीत. नवी भारी गाडी माझ्या पगारात बसणारी नव्हती, म्हणून ठरलं की सेकंड हँड घ्यायची, पण परदेशी कंपनीची, उंच, जाड दारांची, सात जणांची. इथं जबलपुरात, अधारतालला आमचा मेकॅनिक आहे, पन्नाशीचा, फार न बोलणारा. त्याच्याकडं एक मशीन आहे, ते वायरीनं गाडीला जोडलं की गाडीच्या पोटातलं सगळं कळतं. त्यानं आमच्यासाठी दोन गाड्या पाहिल्या आणि दोन्ही नापास केल्या. एकीला "साहब, ये पानी में डूबी हुई है" म्हणाला. दुसरीचं बॉनेट बंद करून त्यानं नुसती मान हलवली आणि हात पुसले.

तिसऱ्या गाडीची जाहिरात मोबाइलवर दिसली. मी हिंदीत फोन केला. पलीकडच्या गृहस्थांनी माझं आडनाव ऐकलं आणि एकदम मराठीत आले. "अरे, तुम्ही तर आपलेच निघाले! मूळचे कुठले?"

मी म्हणालो, "अमरावतीकडचे. पण तीन पिढ्या इथंच, दीक्षितपुऱ्यात."

"मग या ना बाप्पा घरी! गाडी काय, होत राहील."

जबलपुरात राहणाऱ्या मराठी माणसालाच हे समजेल. दिवसभर बाहेर हिंदी. भाजीवाल्याशी हिंदी, वर्गात हिंदी, आमची लेक तर भांडतेही हिंदीत. अशात कोणी परकं माणूस "या, बसा" म्हणालं की आम्ही पार पघळतो. अक्कल चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवतो.

रविवारी आम्ही दोघं गेलो. मेकॅनिकला मी अकरा वाजता त्याच पत्त्यावर बोलावलं होतं. ते गृहस्थ नागपूरचे, एका खाजगी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. बदली झाली होती, महिन्याभरात परत जाणार होते. गाडी फाटकाशी उभी होती. पांढरी, धुतलेली, आत चामड्याच्या सीटा, वर काचेचं छत. "आम्हीही सेकंड हँडच घेतली होती," ते म्हणाले, "पण पाहा, एक ओरखडा नाही." मला तर ती पाहताक्षणीच आवडली होती, उगाच का लपवू!

आत तर्री-पोहे आले. त्यांच्या बायकोनं माझ्या बायकोकडं पाहिलं आणि विचारलं, "कितवा?"

"सातवा."

"अगं बाई! ओटी भरली का कोणी?"

"नाही," बायको म्हणाली. तिची आई नाही. माझ्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्या धावपळीत आमच्याकडं ते राहूनच गेलं होतं. त्या बाईंनी पुढं काही विचारलं नाही. पाट मांडला, तिला पूर्वेकडं तोंड करून बसवलं, हळदीकुंकू लावलं, खण, नारळ आणि गहू तिच्या ओढणीत घातले. "सुखरूप सुटशील बरं," म्हणाल्या. बायको ढसाढसा रडली. भाऊ गेल्यापासून मी तिला असं मोकळं रडताना पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मेकॅनिक फाटकावर आला होता.

मी बाहेर गेलो. माझ्यामागं ते गृहस्थही आले. मेकॅनिकच्या खांद्यावरची मशीनची पिशवी पाहून त्यांनी विचारलं, "हे कोण?"

"ते... गाडी जरा बघायला."

त्यांचा चेहरा उतरला. "बघा ना, बघा. आमचं काही नाही," असं म्हणाले आणि हाताची घडी घालून बाजूला उभे राहिले.

आता आत यांची बायको माझ्या बायकोची ओटी भरून राहिली, आणि बाहेर मी यांच्या गाडीची झडती घेऊ? मेलो तरी मला ते जमलं नसतं. आपल्या लोकांत कुठं असं करतात? मी मेकॅनिकला म्हणालो, "रहने दो भैया, घर के ही लोग हैं."

तो म्हणाला, "दस मिनट का काम है, साहब."

"अरे, कहा ना, रहने दो!" माझा आवाज चढला. त्या गृहस्थांना ऐकू जावं म्हणूनच तो चढला होता. मेकॅनिकनं मला नमस्कार केला आणि स्कूटर वळवली.

घरी येताना बायकोनं विचारलं, "आला होता ना तो? दाखवली?"

"हो, दाखवली."

"काय म्हणाला?"

"फर्स्ट क्लास आहे म्हणाला."

हे बोलायला मला जराही अडखळावं लागलं नाही.

गाडी घरी आली. पहिल्याच आठवड्यात आम्ही भेडाघाटाकडं फिरायला गेलो तर बायको वाटेत झोपून गेली. हँडल न धरता, तोंड किंचित उघडं, एकदम गाढ. मी आरशातून लेकीला खूण केली, गप बैस, आई झोपली. इतकं बरं मला त्या वर्षात कधी वाटलं नव्हतं.

आठवा सरत आला होता तेव्हा आम्ही सिहोऱ्याला तिच्या मावशीकडं गेलो होतो. परतताना दिवेलागण झाली होती. पुढं एक ट्रॅक्टरची ट्रॉली रस्त्यातच उभी, मागं ना लाल दिवा ना काही. मला ती दिसली तेव्हा ब्रेक दाबायलाही उशीर झाला होता. माझ्यासमोरची एअरबॅग फुटली, फटाक्यासारखा आवाज, पांढरी धूळ. बायकोसमोरची उघडलीच नाही. ती पुढं फेकली गेली आणि पोट डॅशबोर्डवर आदळलं. मागं बसलेल्या लेकीला खरचटलंसुद्धा नाही. ती "मम्मी, मम्मी" करत होती आणि बायको दोन्ही हात पोटावर धरून फक्त माझ्याकडं पाहत होती.

दवाखान्यात बाळाचे ठोके लागले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बेल्ट लावला होता का?" बायको म्हणाली, "लावला होता, पण पोटाला काचत होता म्हणून मी ढिला केला होता." डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं. तेव्हापासून आमच्या घरात, नातेवाइकांत, शेजारीपाजारी, सगळीकडं तेच कारण झालं.

आठवड्यानं मी अधारतालला गेलो. गाडी तिथंच ओढून आणली होती. मेकॅनिकनं बायकोच्या बाजूचा डॅशबोर्ड उचकटून दाखवला. आत एअरबॅग नव्हतीच. फोमचा एक तुकडा कोंबला होता आणि एअरबॅगचा बिघाड सांगणारा समोरचा लाल दिवा पेटू नये म्हणून वायरीत एक बारीकसा जुगाड केला होता. गाडी आधी कधीतरी ठोकली होती, तेव्हा त्या बाजूची एअरबॅग उघडली असणार, आणि नवी बसवायचा खर्च कोणीतरी वाचवला. कोणी, ते कोण सांगणार? नागपूरला फोन केला तर ते गृहस्थ म्हणाले, "देवाशपथ, आम्हाला माहीत नव्हतं हो. आमची मुलंही त्याच गाडीत बसायची." मला ते खरं वाटलं. खोटं वाटलं असतं तर फार सोपं झालं असतं.

मेकॅनिकनं त्या रविवारचा एक शब्द काढला नाही. फक्त विचारलं, "बहूजी को बताना है?"

"नहीं," मी म्हणालो.

एअरबॅग असती तर बाळ वाचलं असतं का? कोणी छातीठोक सांगू शकत नाही. पण माझ्या बायकोनं मला एकच काम सांगितलं होतं आणि ते मी केलं नव्हतं.

दोन वर्षं ती सगळ्यांना सांगत राहिली. कॉलनीत कोणाला दिवस गेले की मुद्दाम तिच्याकडं जायची, "पट्टा ढिला नको करू गं, मी केला होता." पाहुण्यांना चहा देताना सांगायची. एकटी असली की स्वतःलाही सांगायची, मी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकलं आहे. आणि मी, नालायक माणूस, तिच्या पाठीवरून हात फिरवायचो आणि म्हणायचो, "जाऊ दे, तुझी काय चूक?" केवढा मोठेपणा माझा!

गेल्या महिन्यात लेकीला शाळेतून आणत होतो. आता आमच्याकडं पुन्हा छोटीच गाडी आहे. लाल सिग्नलला मी तिच्याकडं पाहिलं तर तिनं बेल्ट इतका आवळला होता की मानेवर लाल वळ उठला होता. मी म्हणालो, "अगं, जरा ढिला कर."

"नहीं पापा. मम्मी ने ढीला किया था, तो बेबी मर गया."

मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले तरी मला गियर टाकता येईना.

घरी आल्यावर लेकीला आजीकडं बसवलं आणि बायकोला सगळं सांगितलं. फाटक, मेकॅनिक, माझा चढलेला आवाज, फोमचा तुकडा. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. घालतच राहिली. मी माफी मागितली, रडलो, पाय धरायचेच तेवढे राहिले होते. शेवटी तिनं हातातला टॉवेल खाली ठेवला.

"गाडी न दाखवता घेतली, ते मी समजू शकते," ती म्हणाली. "त्यांच्या घरात मीही नाही म्हणू शकले नसते. पण दोन वर्षं मी स्वतःला खाऊन राहिली होती, आणि तुम्ही समोर बसून ऐकून राहिले होते."

मग तिनं उरलेल्या घड्या केल्या, त्यातले आपले कपडे वेगळे काढले आणि लेकीच्या खोलीतल्या कपाटात नेऊन ठेवले. आता ती तिकडंच झोपते.