टाचांना लावलेलं तेल

जळगावात मऊ पाइप बनवणाऱ्या एका कारखान्यात मी सहा वर्षं मिक्सरवर होतो. पांढरी पावडर टाकायची, वरून तेल ओतायचं आणि मिक्सर फिरवायचा. तेल नसेल तर पाइप काठीसारखा कडक निघतो. त्या तेलाचं खरं नाव प्लास्टिसायझर. पण आम्ही सगळे तेलच म्हणायचो, आणि एकदा तेल म्हटलं की माणूस ते अंगाला लावणारच. हाताचं ग्रीस त्यानं झटक्यात निघायचं. उन्हाळ्यात फुटलेल्या टाचा मऊ पडायच्या. फुकट ते पौष्टिक! मी रोज पाळी संपली की पायांना चोळूनच मेहरूणला घरी यायचो. वर ऐट अशी, की शेजाऱ्यांना टाचा दाखवायचो.

लग्नाला पाच वर्षं झाली तरी मूल नव्हतं. बायकोच्या तपासण्या दोनदा झाल्या, सोमवार झाले, नवस झाले. माझी तपासणी करावी असं कुणाला सुचलं नाही, मला तर मुळीच नाही. आईच्या लेखी आपला तो बाब्या! शेवटी डॉक्टरीणबाईंनीच दटावलं. रिपोर्ट आला : बायकोचं सगळं ठीक, माझे शुक्रजंतू फार कमी.

काम काय करता, असं त्यांनी विचारलं. मी हौसेनं सगळं सांगितलं, टाचांसकट. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"असल्या रसायनांचा पुरुषांच्या बीजावर परिणाम होतो असा दाट संशय आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या बाबतीत तेच कारण आहे, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण अंगाला लावणं आजपासून बंद. जमलं तर खातंही बदला. आणि गरम चहा प्लास्टिकच्या पिशवीतून आणू नका."

मी पॅकिंगला बदली मागून घेतली. पुढे आम्हाला मुलगी झाली. तेल सुटल्यामुळे झाली की औषधांमुळे, हे डॉक्टरीणबाईंनाही सांगता येत नाही आणि मला आता त्याची फिकीर नाही. पण ही गोष्ट तिच्या आधीची आहे.

त्या दिवशी दवाखान्यातून परतताना बायको म्हणाली, "घरी सांगायचं नसेल तर नका सांगू." मला इतकं हायसं वाटलं, की त्याची लाज आजही वाटते. रिपोर्टाची घडी करून मी मोटारसायकलच्या डिकीत टाकली. बोलणी ती खात राहिली आणि मी खाऊ दिली.

चार महिन्यांनी धुळ्याला, देवपुरात, धाकट्या भावाच्या बायकोचं डोहाळजेवण होतं. आमच्या घरात आईच्या पाठोपाठ ओटी भरायचा मान थोरल्या जावेचा, म्हणजे माझ्या बायकोचा. बायका जमल्या, ताट सजलं, तेवढ्यात आई तिला हळूच म्हणाली, "तू पुऱ्यासकडे देख वं माय. आठे बठ्ठ्या शेतस." इथे सगळ्या आहेत, म्हणजे मूल नसलेलीचा हात ओटीला नको.

बायको मुकाट्यानं स्वयंपाकघरात गेली. मी दाराबाहेरच्या ओट्यावर पुरुषांसाठी खुर्च्या मांडत होतो, मला ते ऐकू आलं. खिडकीतून मला तिची पाठ दिसली. हिरवी साडी तिनं मुद्दाम या दिवसासाठी घेतली होती. मला संताप आला, आणि तो आईचा नव्हता.

मी सरळ बायकांच्या घोळक्यात शिरलो. डोहाळजेवणात पुरुष कशाला, म्हणून एक मावशी हसली. मी आईला म्हणालो, "आई, दोष मन्हा शे. तिना काहीज दोष नही. डॉक्टरना कागद शे मन्हाजोडे."

आईनं माझ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. "आधी काब नही सांगं रे?" एवढंच ती म्हणाली. मग स्वतःच्या ओंजळीतले तांदूळ तिनं परत ताटात ठेवले आणि हाक मारली, "ये वं माय. पहिली ओटी तू भर."

बायको दारात आली. तिचे हात पिठाचे होते, डोळे भरलेले. पदराला हात पुसून तिनं माझ्या हातात झारा दिला.

"कढई तापली आहे," ती म्हणाली. "लक्ष द्या."

मी जन्मात पहिल्यांदा पुऱ्या तळल्या. दारातून मला ती ओटी भरताना दिसत होती, त्यामुळे बऱ्याच करपल्या. त्या सगळ्या मी एकट्यानं खाल्ल्या.