पश्चिमेकडचे तीन हूक

मी अमरावतीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. मोजायची खोड तिथलीच. दरवर्षी मे महिन्यात, वादळी पावसाच्या तोंडावर, मी बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरून अकोल्याला बाईकडे जातो. बाई म्हणजे माझी थोरली बहीण. तिच्या घरावर टिनं आहेत आणि टिनांवर एकोणीस दगड. गेली सहा वर्षं मी प्रत्येक दगडाभोवती तेलरंगाची रेघ ओढतो आणि पुढच्या मेमध्ये कोण किती सरकला ते टेपनं मोजतो.

मला त्यातलं कुतूहल खरंच आहे. वादळ टिनाला दाबत नाही, वर ओढतं. एकदा कड उचलली गेली की दगडाचं वजन काही कामाचं नाही, उलट तोच घरात येतो. मग लोक दगड का ठेवतात? माझा अंदाज असा की दगडानं टिन धरलं जात नाही, त्याचं वाजणं थांबतं. वाजणं थांबलं की खालच्या माणसाला निवांत वाटतं.

यंदा मधला एक दगड आपल्या रेघेतून वीतभर वरच्या अंगाला गेलेला दिसला. उतारावरचा दगड वर कसा चढला? मी टिनावर पालथा पडून वाऱ्याच्या भोवऱ्याचा हिशेब लावत होतो. शिडीखालून बाईचा आवाज आला.

"काय पाहून राहिला रे इतका?"

"बाई, हा गोटा वाऱ्यानं चढावर गेला."

"वाऱ्यानं कायचा जाते! म्याच सरकवला. कुरड्या वाऊ घालाले जागा नोती."

मी हसलो. ती हसली नाही. "एका हातानं सरकवला," म्हणाली. "दुसरा कोनत्या कामाचा हाय?"

तिचं उजवं मनगट वाकडं जुळलेलं आहे. चहासुद्धा ती डाव्या हातानं ओतते. सहा वर्षांपूर्वीच्या वादळात पश्चिमेकडचं टिन उचललं गेलं आणि त्यावरचा मोठा गोटा खाली तिच्या हातावर आला. तो गोटा भाऊजींनी ठेवला होता. टिनं नवी आली, गोटा मात्र बाईनं अंगणात नळाजवळ ठेवून दिला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला. "हा पाहा यायचा गोटा," असं ती भाऊजींकडे बोट दाखवून म्हणते तेव्हा ते पायाकडे बघतात. तेव्हापासून त्यांनी टिनांना हात लावला नाही. म्हणून दरवर्षी मी. नव्या टिनांवर बाईच्या हट्टानं दगडही मीच ठेवले.

टिन बसवायची रीत सोपी आहे. टिनाच्या भोकातून वाकडा हूक खाली जातो, लोखंडी पाइपाला अडकतो, आणि वरून वायसर टाकून नट कसतात. फक्त कसताना खालून कोणाला तरी हूक पाइपाला दाबून धरावा लागतो. नाहीतर नटाबरोबर हूकही फिरतो आणि पाइप सोडून देतो. वरच्या माणसाला वाटतं, पक्कं झालं. दरवर्षी मी मिस्त्रीला सोबत घेतो. यंदा मोबाइलवर संध्याकाळच्या वादळाचा इशारा होता आणि मिस्त्री फोनवर ओरडला, "अख्ख्या अकोल्याले आजच टिनं आठवले! मी नाही येत."

"मग मी धरतो खालून," घरातून भाऊजी म्हणाले. खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बसा तुमी," बाई म्हणाली. "तुमच्या हाताले गुन नाही. एक हात मोडला तेवढा पुरे."

खुर्ची पुन्हा सरकली. भाऊजी बसले असावेत. मधे टिन होतं, मला दिसले नाहीत. दिसले असते तर कदाचित मी बोललोही नसतो.

"बाई, गोट्याचा दोष नोता," मी म्हणालो. "त्या वर्षी पश्चिमेचे तीन हूक मी एकट्यानं कसले. खालून धरायला कोणी नव्हतं. भाऊजी तासाभरात येणार होते, पण टिन तापलं होतं आणि मला गाडी पकडायची होती. तुला सांगितलं, सगळं पक्कं आहे. नंतर मिस्त्रीनं मला बाजूला घेऊन दाखवलं, तिन्ही हुकांनी पाइप सोडला होता. मी कोणाला बोललो नाही."

टिन पोटाला भाजत होतं, मी तसाच पडून राहिलो.

मग भाऊजींचा आवाज आला, अगदी माझ्या छातीखालून. "मी घरी आलो तं टिन वाजून राह्यलं होतं. म्हनून ठेवला मी गोटा." ते म्हणाले, "मले वाटे, नसता ठेवला तं बरं झालं असतं. रोज वाटे."

"सहा वर्सं," बाई म्हणाली. ती माझ्याशी बोलत होती. "सहा वर्सं तू माह्या हातचा च्या पेत राह्यला. अन् मी यायले चार लोकायत बोलत राह्यली. तुले तोंड नोतं?"

ती शिडीपासून निघून घरात गेली. दोघांचं हळू बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. मग खालून टिनावर पक्कडीनं तीनदा ठोकल्याचा आवाज आला.

"साळेबुवा, पश्चिमेचे आधी घ्या," भाऊजी म्हणाले. "उजेड दाखव वं इकडे," हे बाईला.

"दाखवून तं राह्यली. तुमचंच डोकं मधात येते."

"धरला," भाऊजी म्हणाले. मी पाना लावला. तीन फेऱ्यांत नट घट्ट झाला आणि पुढे हलेना. एकामागून एक आम्ही सगळे हूक कसले. मग मी एकोणीस दगड एकेक करून शिडीनं उतरवले. बाई बघत राहिली, नको म्हणाली नाही.

पाचच्या सुमारास धूळ उठली. गल्लीतल्या कोणाचं तरी कुलरचं झाकण रस्त्यावर गडगडत गेलं. आम्ही तिघं आत बसून वर बघत होतो. वारा टिनाखाली शिरायला बघत होता, कडेकडेनं फिरत होता. मी कान देऊन होतो. टिन वाजलं नाही.

बाईनं डाव्या हातानं चहा ओतला. पहिला कप भाऊजींना दिला आणि तो तिनं त्यांच्या हातात दिला, रोजच्यासारखा खाली ठेवला नाही. माझा मात्र जमिनीवर ठेवून माझ्याकडे सरकवला.