टिंगऱ्यावरचं औषध

धनवटे सर सकाळचा चहा झाला की मोबाईल कानाला लावून खोटं बोलायला बसत. कधी ते पाथर्डीकडची नवी सून असत, कधी ठार बहिरे आजोबा, कधी दोन घोट घेतलेले बागायतदार. आवाज मात्र सगळ्यांचा एकच, घोगरा. शेतकऱ्यांच्या प्रश्नांना फोनवर मराठीत उत्तरं देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आमच्या नगरच्या कंपनीनं बनवायला घेतली होती. ती कुठं चुकते ते शोधायचं, ही सरांची नोकरी. कृषी विद्यालयातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती हौसेनं धरली होती. मी उत्तरांची भाषा तपासायचो. आमची टेबलं शेजारी, त्यामुळे त्या सुनेचं सासर मला तोंडपाठ झालं होतं.

कंपनीचा मालक विक्रम हा तिशीतला, गुणी मुलगा. त्यानं ऑफिसच्या भिंतीवर आमची तत्त्वं चौकटीत लावली होती : पारदर्शकता, उत्तरदायित्व, मानवी हित. सरांनी पहिल्या दिवशी चष्मा कपाळावर सरकवून ती वाचली.

“झकास हाय,” ते म्हणाले. “पण विक्रमशेठ, हे भिंतीला कळलं. मशीनला सांगितलं का कुणी?”

विक्रम हसला. त्याला तो विनोद वाटला.

मग एका दुपारी सर बहिरे आजोबा झाले आणि फोनमध्ये ओरडले, “आमच्या कांद्यावर टिंगऱ्या पडलाय!” पलीकडून गोड आवाज आला, “काळजी करू नका. टिंगऱ्या वेळीच आटोक्यात आणता येतो.” पुढं औषधाचं नाव, पंधरा लिटरच्या पंपाला किती टाकायचं, आणि फवारणी शक्यतो संध्याकाळी करा, असा प्रेमळ सल्ला.

सरांनी शांतपणे फोन ठेवला. “टिंगऱ्या,” ते मला म्हणाले, “माझ्या आत्याचा बोका हुता.”

हसून झाल्यावर आम्ही कारण शोधायला बसलो. ते सरांनाच सापडलं. यंत्राला शिकवायला आम्ही गावोगावच्या कृषी दुकानांतली संभाषणं वापरली होती. काउंटरवर आलेल्या गिऱ्हाईकाला आपल्याकडं कुणी ‘मला माहीत नाही’ म्हणून परत पाठवत नाही. ते उद्धटपणाचं वाटतं. वाट विचारणाऱ्यालासुद्धा आपण हात लांब करून कुठली तरी दिशा दाखवतोच. “मशीन बिचारं आपल्यातच वाढलंय,” सर म्हणाले. “पण वाट चुकलेला मानूस मागं फिरतो. जळालेलं पीक न्हाई फिरत.”

त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की यंत्राला जे ठाऊक नाही ते त्यानं कबूल करावं आणि माणसाचा नंबर द्यावा. विक्रम घाबरला. “सर, एकदा ‘माहीत नाही’ ऐकलं की शेतकरी परत फोन करणार नाही. कंपनी बसेल.” सरांनी डबा पिशवीत घातला, पिशवी खांद्याला लावली. “मग मी बसतो घरी. माझ्या तोंडातनं हे मशीन पास झालं असं निघायचं न्हाई.”

विक्रमनं त्यांना जिन्यातून परत आणलं.

पुढचे काही आठवडे वाईट गेले. सुधारलेलं यंत्र इतकं नम्र झालं की ‘रामराम’ घातला तरी ‘याबाबत खात्रीनं सांगता येणार नाही’ म्हणू लागलं. “आता ह्याला सरकारी नोकरी लागली,” सर म्हणाले आणि पुन्हा सून होऊन बसले. अखेर ते ताळ्यावर आलं. अडलेले फोन कुणाकडं पाठवायचे, हा प्रश्न निघाला तेव्हा सरांनी स्वतःचा नंबर दिला. त्यानंतर घरी त्यांच्या पत्नीनं, आमच्या काकूंनी, वाढलेलं जेवण त्यांना कधी गरम मिळालं नाही.

पहिलं जाहीर प्रात्यक्षिक तिसगावच्या बाजारात ठेवलं. मंडप, हार, कर्णा. हिराबाई नावाची एक बाई पुढं आली आणि तिनं विचारलं, “फवारलेल्या कपाशीत माझ्या दोन शेळ्या शिरल्या. तोंडाला फेस आलाय. काय पाजू?”

कर्ण्यातून उत्तर आलं, “ते मला माहीत नाही. काही पाजू नका, जनावरांच्या डॉक्टरांना लगेच बोलवा.”

मंडपात हशा फुटला. “आमच्या जावयासारखंच हाय की वं!” कुणीतरी ओरडलं. विक्रमचं तोंड लाल झालं. हिराबाई तेवढी हसली नाही. “मी ताक पाजनार हुते,” म्हणत ती पदर खोचून पळाली, आणि तिच्यामागं सर, डॉक्टरांना फोन लावत. एक शेळी वाचली, एक गेली. तरी विक्रमनं ते उत्तर यंत्रातून काढलं नाही.

या हिवाळ्यात सर हृदयविकारानं गेले. त्यांचा दशक्रिया विधी पुणतांब्याला, गोदावरीच्या घाटावर झाला. आपल्याकडं दशक्रियेला भाषणं होतात, आणि माइक हाती आला की थांबणारा मनुष्य विरळा. एका पुढाऱ्यानं सरांना ऊस संशोधक केलं. दुसऱ्यानं सांगितलं, की तरुणपणी ते तालमीत कुस्त्या मारायचे. भरलेली बादली उचलताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. मग सूत्रसंचालकानं विक्रमला पुढं ढकललं. “सरांची अंतिम इच्छा काय होती, ते आपण दोन शब्दांत सांगावं.”

विक्रमनं माइक धरला.

“ते मला माहीत नाही,” तो म्हणाला. “काकूंना विचारा.”

बायकांमध्ये बसलेल्या काकूंनी तोंडाला पदर लावला. आम्हाला वाटलं, रडताहेत. पण त्यांचे खांदे हलत होते ते हसण्यानं.